पोचल्याशिवाय केर नाही

मुरबाडच्या नाक्यावर बारकूला कुणी टाइम विचारला तर तो घड्याळातला टाइम कधी सांगत नसे. तो पोचायचा टाइम सांगे. तीस वर्षं त्याने मुरबाड ते कल्याण जीप चालवली होती आणि सगळा रस्ता त्याच्या डोक्यात बसला होता.

"बारकूदादा, कल्याणला कितीला पोचू?"

"म्हशी आडव्या नाय आल्या तर सव्वादहा. आल्या तर साडेदहा."

आणि माणूस पोचायचाही तेव्हाच. त्यामुळे मुरबाडपलीकडच्या त्याच्या गावात कुणाचं वऱ्हाड निघायचं असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, बारकूला विचारल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. एखादी गोष्ट आपल्याला येते हे माणसाला कळावं, त्यात वाईट काही नाही. बारकूला ते जरा जास्तच कळलं होतं.

अशा माणसाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली. रविंद्र एसी दुरुस्तीचं काम शिकला होता, आणि त्याला बोलावणं आलं ते थेट कॅनडातल्या टोरोंटोहून. तिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो हे ऐकल्यावर गाव चक्रावलं. बर्फात एसी कोण लावतो? रविंद्रने सांगितलं की तिकडे घरात गरम हवा सोडायची मशिनं असतात, ती दुरुस्त करायची. आमच्या सिद्धगडाच्या पायथ्याला गरम हवा फुकट मिळते आणि ती कुणाला नको असते, तिकडे तिचे पैसे देतात, म्हणजे देश श्रीमंत असणार एवढं गावाच्या ध्यानात आलं.

तिकीट मोबाईलवर आलं तेव्हा बारकूने ते नाक्यावर चारचौघांत उघडलं. दोन बोटांनी ताणून मोठं केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मुंबईवरून सुटणार रात्री अडीचला. तिथं पोचणार दुपारी तीनला. किती झाले?"

"साडेबारा तास," कमळू म्हणाला. कमळू हा रविंद्रचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि नाक्यावर मोबाईलचं दुकान असल्यामुळे गावाच्या हिशेबी शास्त्रज्ञ.

"आता अंतर बग."

कमळूने मोबाईलवर बघितलं. "साडेबारा हजार किलोमीटर. थोडं इकडंतिकडं."

बारकूने मोबाईल खिशात टाकला आणि नाक्यावरच्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"साडेबारा हजाराला साडेबारा तास. हजाराचा अ‍ॅव्हरेज. हिशेब म्हणजे असा मिळाया पायजे."

हिशेब इतका गोल आला होता की त्यात खोट असेल असं देवालाही वाटलं नसतं. त्या दिवसापासून बारकूने विमानाच्या वेगाने सगळा तालुका मोजायला घेतला. मुरबाड ते कल्याण दोन मिनिटं. मुरबाड ते शहापूर तेवढीच, "पण मग शिटा भरायला टाइम मिळणार नाय, धंदा बसल."

"बाबा, मधे जर्मनीत विमान बदलायचंय," रविंद्रने एकदा सांगून पाहिलं.

"बदल की. नाक्यावर उतरून दुसऱ्या जीपमदी बसतात तसं. दोन मिन्टाचं काम. बॅग तेवढी आधी आत टाक, जागा धरायला."

रविंद्रने पुढे काही सांगितलं नाही. बारकूला रस्त्याबद्दल काही सांगायला गेलेला माणूस शेवटी स्वतःच ऐकून परत येतो, हे त्याला बाळपणापासून ठाऊक होतं.

आता या हिशेबात दामिनीचं लग्न कसं अडकलं ते सांगायला हवं. दामिनी म्हणजे रविंद्रची धाकटी बहीण. कल्याणला एका दुकानात हिशेब लिहायला जायची. तिथेच शेजारच्या औषधाच्या दुकानात सापगावचा अमोल होता. दोघांचं जमलं होतं, दोन्ही घरांत कळलं होतं, बापांची हरकत नव्हती. उरली होती ती अमोलची आई, अनिताबाई.

अनिताबाईंची स्वच्छता शहापूर तालुक्यात प्रसिद्ध होती. त्यांच्या अंगणात पान पाडायची झाडालाच लाज वाटे, असं म्हणायचे लोक. थोरल्या मुलासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा एका घरी त्यांनी चहाच्या बशीखालून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि "कळवतो आमी" म्हणून उठल्या. चहा तसाच राहिला. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं, बोट काळं होतं. अमोलने दामिनीला बजावून ठेवलं होतं, "आईनं एकदा नाय बोललं की मंग माझा देव पण तिला हो बोलवू शकत नाय."

या अनिताबाईंचा फोन आला. रविवारी आम्हाला मुरबाडला एका हळदीला यायचंय, जाता जाता पाच वाजता तुमच्याकडे डोकावतो, मुलगी बघतो. आणि रविवार हाच रविंद्रच्या विमानाचा दिवस होता. शनिवारी रात्री घरातून निघायचं, मध्यरात्रीनंतर विमान.

बारकूच्या शेजारी बसून धोंडीबाई सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता थांबवला. "मंगळवारी बोलाव त्यांना."

धोंडीबाई ही बारकूची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली, आणि तेव्हापासून त्या घरातली सगळी शास्त्रं तिच्याकडे. तिचं सगळ्यात कडक शास्त्र हे, की घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घरात झाडू फिरवायचा नाही आणि बायकांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. केर काढला की त्या माणसाची वाट झाडली गेली. बारकूच्या रोजच्या कल्याणच्या फेऱ्यांना तिने सूट दिली होती, नाहीतर तीस वर्षांचा केर साठून घरावर सिद्धगडाएवढा दुसरा डोंगर उभा राहिला असता. पण बारकू पहिल्यांदा माळशेज घाटाकडे भाडं घेऊन गेला तेव्हा शेजारच्या भिमीने मदत म्हणून ओसरी झाडली, आणि टोकावड्याला जीपचा आस तुटला. भिमी त्याची बोलणी अजून खाते.

"आका, मंगळवार कशाला?" बारकू म्हणाला. "रवी तीनला पोचतो. तीनला झाडू लावायचा, चारला घर चकाचक, पाचला पाव्हणं. मधे एक तास तर माझ्याकडं शिल्लक राहतोय."

"विमान हाय ते. तुझी जीप नाय."

"म्हणून तर बोलतो. विमानाला म्हशी आडव्या येत नाय."

आणि त्याने फोनवर अनिताबाईंना सांगून टाकलं, "या की ताई. रविवारी पाचला. घर तुमचंच हाय."

शनिवारी रविंद्रला निरोप द्यायला सगळं गाव लोटलं. ओसरीत, माजघरात, पडवीत माणसं मावेनात. भाताची झोडणी चालू असल्यामुळे जो आला तो पायाला पेंढा घेऊन आला. शेंगदाण्याची टरफलं, कुरमुरे, नारळाची शेंडी, हारातली झेंडूची फुलं, पत्रावळ्या. एवढ्याने भागलं असतं, पण कमळूने मित्रप्रेमाने चमकीच्या नळ्या आणल्या होत्या. नळी पिरगाळली की फट्ट होतं आणि सोनेरी-चंदेरी चमकीचा पाऊस पडतो, तशा. त्याने एक नाही, अकरा नळ्या फोडल्या, आणि सगळ्या घराच्या आत. चमकी कौलाखालच्या वाशांवर बसली, देवाच्या फोटोवर बसली, दुधाच्या टोपात तरंगायला लागली. दामिनीच्या केसांत इतकी गेली की ती मान हलवायची तेव्हा समई लागल्यासारखी चमकायची.

बारकू स्वतः जीपने रविंद्रला विमानतळावर सोडून आला. येताना जे रडायचं ते त्याने जीपमध्ये रडून घेतलं आणि घरी कोरड्या डोळ्यांनी उतरला.

रविवारी सकाळी देवकीने, म्हणजे बारकूच्या बायकोने, घराकडे बघितलं आणि ती खालीच बसली. धोंडीबाई ओसरीत पाटावर बसली होती. घरातली केरसुणी, अंगणातला खराटा आणि रविंद्रने मागच्या वर्षी आणलेला प्लास्टिकचा झाडू, तिन्ही तिच्या पाटाखाली.

"आत्ये, निदान केस तरी धुवू दे," दामिनी म्हणाली. "मी अशी त्यांच्यासमोर बसू?"

"भाऊ हवेत हाय तुझा. खाली काय नाय त्याच्या. आणि तुला केस सुचतात."

"तीनला पोचतोय तो," बारकूने पुन्हा एकदा घड्याळ दाखवलं. "तवर धीर धरा."

सगळं घर धीर धरून बसलं. पायाखाली टरफलं कुडकुडत होती. देवकी भांडी घासताना सारखी उंबऱ्यापलीकडे बघत होती, तशी ती आयुष्यात कधी कुणाची वाट बघत बसली नव्हती.

पावणेतीनला फोन वाजला. रविंद्रच.

"बाबा, पोचलो..." एवढंच ऐकू आलं, मग खरखर झाली आणि फोन कटला.

"पाव तास आधी!" बारकू ओरडला. आयुष्यभर गाड्यांबद्दल तो कधी असा ओरडला नव्हता. "डायवर चांगला गावला पोराला."

"तो स्वतः बोलला, पोचलो?" धोंडीबाईने विचारलं.

"त्याच्याच तोंडानं बोलला."

धोंडीबाईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि पाटाखालून तिन्ही झाडू काढून दिले. त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला झाडणं म्हणणं कमीपणाचं होईल. देवकी केरसुणी घेऊन माजघरात शिरली, बारकूने खराटा घेतला, न बोलावता भिमीही आली आणि तिने प्लास्टिकचा झाडू उचलला. तिला एवढ्या वर्षांनी या घरात अधिकृतपणे झाडायला मिळत होतं, ती संधी ती सोडणार नव्हती. दामिनी न्हाणीकडे पळाली.

माजघराचा एक कोपरा लखलखीत झाला, ओसरीतला केर सुपलीत भरून उकिरड्यावर गेला, आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी व्हिडिओ. रविंद्र कुठल्यातरी मोठ्या काचेसमोर बसून पाव खात होता.

"पोचलास ना बाळा?" देवकीने डोळ्यांना पदर लावला. "कसं हाय तुझं टोरोंटो?"

"आये, टोरोंटो कुठं? मी जर्मनीत हाय. इथं पोचलो ते सांगितलं मगाशी. पुढचं विमान सुटायला अजून टाइम हाय."

ओसरीत सगळे जिथे होते तिथे थांबले. भिमीचा झाडू हवेत राहिला.

"अजून किती लांब?" बारकूचा आवाज बारीक झाला.

"अजून अर्धं ऱ्हायलंय, बाबा. समुद्र पुढंच हाय सगळा."

धोंडीबाई पाटावरून उठली. ती उठली की घरातली मांजरसुद्धा बाहेर जाई.

"बारकू, टोकावड्याला च्या प्यायला म्हणजे कल्याण आलं का रे?"

"आका, कल्याण उलट्या अंगाला..."

"पोर माझं समुद्राच्या तोंडाशी बसलंय आणि तुमी त्याची वाट झाडून उकिरड्यावर टाकलीत? दामे! पाणी घेतलंस का डोक्यावर?"

"तांब्या हातात हाय, आत्ये," न्हाणीतून रडका आवाज आला.

"खाली ठेव."

तांब्या दगडावर ठेवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग धोंडीबाईने निकाल दिला. काढलेला केर परत आणायचा. जिथला होता तिथे टाकायचा. वाट होती तशी करून ठेवायची.

आता घर झाडायला माणसाला शिकवावं लागत नाही, पण घर उकिरड्यासारखं करायला डोकं लागतं, हे त्या दिवशी बारकूला कळलं. तो सुपली भरभरून केर आणत होता आणि धोंडीबाई जागा दाखवत होती. "टरफलं तिकडं नव्हती. खांबाशी टाक. फुलं जरा पसर. आणि ती चमकी, नीट, हातानं पसर." उकिरड्यावरून येताना केराबरोबर कोंबडीची दोन पिसं आणि कुणाच्यातरी चपलेचा अंगठा आला, तो या घरचा नव्हता. तोही राहू दे म्हणाली.

हे चाललेलं असताना बारकूने मोबाईल खांद्याने कानाला धरला होता.

"पण तिकिटावर तीन लिवलंय, रवी."

"बाबा, ते तिथले तीन. आपल्याकडं तवा मध्यरात्र उलटून गेल्याली आसंल."

"तीन म्हणजे तीन. मुरबाडला तीन वाजले की शहापूरला पण तीनच वाजतात. कसाऱ्याला पण तीनच."

कमळू मदतीला धावून आला. त्याने एक नारळ घेतला, त्याला उन्हात धरलं, आपण शेंडीशी आहोत आणि टोरोंटो पलीकडच्या बुडाशी आहे, असं समजावलं, आणि नारळ फिरवला. बारकूने नारळ बघितला, ऊन बघितलं, कमळू बघितला.

"म्हणजे आपला वापरून झालेला दिवस तिकडं जातो?"

"तसंच समजा."

"शिळा?"

"तसंच समजा, दादा."

"मंग साडेबारा तास नव्हतं ते?"

"बरेच जास्त. जवळजवळ रात्रंदिवस."

बारकू मटकन खाली बसला, टरफलांवर. विमान पोचायला अजून कितीतरी वेळ होता, हे दुःख वेगळं. पण त्याचा तो हजाराचा अ‍ॅव्हरेज, तो नाक्यावर सगळ्यांना सांगितलेला गोल गरगरीत हिशेब, तो कुणीतरी उगाच जुळवून ठेवलेला होता. तीस वर्षांत त्याला कुठल्या रस्त्याने असं फसवलं नव्हतं.

"अवो, बसताय काय," देवकी म्हणाली. "त्यांना फोन करा. मंगळवारी या बोला."

बारकूने फोन लावला. पलीकडून गाडीच्या हॉर्नबरोबर अनिताबाईंचा आवाज आला. "आलोच आमी. मुरबाड सोडलं."

दामिनी भिंतीला टेकून उभी होती. केसांतून चमकी गळत होती आणि डोळ्यांतून पाणी. "संपलं," ती म्हणाली. "त्या बशीखालचं बोट बघून उठतात. इथं तर बशी ठेवायला जागा नाय."

बारकूला ती तशी उभी बघवेना. लेक दुकानात दिवसभर उभी राहते, घरी येऊन भाकऱ्या करते, स्वतःसाठी तिने आजवर एक गोष्ट मागितली होती, आणि ती त्याच्या अ‍ॅव्हरेजखाली सापडली होती. तो उठला.

"आका, खळं घरात धरतेस का?"

धोंडीबाईने विचार केला. "खळं शेतात हाय. शेत म्हणजे घर नव्हं."

खळं, म्हणजे भात झोडायची जागा, घरामागच्या शेतात होतं. कालच शेणाने सारवलेलं, दाणा सांडला तरी वेचून घ्यावा असं स्वच्छ. दहा मिनिटांत तिथे शेजारच्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या, भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडवीवर चादर गेली, पाण्याची कळशी गेली. दामिनीच्या केसांना तेल चोपडून घट्ट वेणी घातली. चमकी तेलात बसली आणि आणखी चमकायला लागली.

गाडी आली. अनिताबाई उतरल्या, त्यांच्यामागे त्यांचे यजमान साईनाथ उतरले, आणि अमोल. साईनाथ फार कमी बोलायचे. खुर्ची दिसली की ती रुमालाने पुसायची आणि मगच बसायचं, एवढी एक सवय त्यांना संसाराने लावली होती.

"इकडनं या ताई, मागनं," बारकू रस्ता अडवून उभा राहिला. "हवेशीर बसू. नवा भात हाय. दाखवायचा होता तुमाला."

खळ्यावर चहा झाला. अनिताबाईंनी बशी उचलली, बोट फिरवलं, बोट स्वच्छ होतं. दामिनीने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्या डोक्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण चहा पूर्ण प्यायल्या. बारकूच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात त्या पदर सावरत उठल्या.

"चला. घर बघू."

"घरात रंग चाललाय," बारकू म्हणाला.

"कुठला?"

बारकूच्या डोळ्यांपुढे दिवसभर एकच गोष्ट चमकत होती. "सोनेरी," तो म्हणाला.

"सोनेरी?"

"आणि थोडा चंदेरी."

साईनाथांनी आयुष्यात पहिल्यांदा चेहरा वर करून बारकूकडे नीट बघितलं. अनिताबाई घराकडे चालायला लागल्या. बारकू मागून धावला, "ताई, वाटेत साप असतो," म्हणाला, मग "पाय ओले होतील," म्हणाला. पण अनिताबाई कधीच मागच्या दाराने आत गेल्या होत्या.

आत टरफलं होती, पेंढा होता, झेंडू होता, चपलेचा अंगठा होता, आणि उतरत्या उन्हात सगळ्यावर चमकी लखलखत होती. धोंडीबाई तिन्ही झाडूंवर पाट टाकून बसलेली. अनिताबाई माजघराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघत राहिल्या. अमोलने डोळे मिटून घेतले.

"हे काय?" अनिताबाई म्हणाल्या.

बारकूने तोंड उघडलं, पण दामिनी पुढे आली. "रंगबिंग काय नाय. दादा विमानात हाय माझा. तो पोचेपर्यंत आमच्यात झाडत नाय. तुमाला आवडलं नाय तर नाय बोला. पण झाडू लागणार नाय."

अनिताबाई हळूहळू चालत माजघराच्या त्या एका कोपऱ्यापाशी गेल्या. खाली वाकल्या. जमिनीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोट स्वच्छ होतं.

"हा कोपरा कुणी झाडला?"

देवकीने बारकूकडे बघितलं, बारकूने वाशांकडे.

"पोरगं हवेत, आणि कोपरा झाडल्याला? कुणी झाडला हा?"

"मी, मी करायला लावलं," बारकू म्हणाला. "मला वाटलं पोचला तो. हिशेब चुकला ताई."

"केर परत आणला सगळा," धोंडीबाई पाटावरून म्हणाली. "ह्यो कोपरा ध्यानातनं गेला. वय झालं माझं."

दामिनीने आजूबाजूला बघितलं. मग वेणी सोडली, मान खाली घातली, आणि दोन्ही हातांनी केस झटकले. त्या स्वच्छ कोपऱ्यावर चमकीचा सडा पडला. वर तिने पायाने थोडी टरफलं सरकवली आणि हात झटकून बाजूला झाली.

अनिताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग धोंडीबाईकडे वळल्या.

"आमचे हे पहिल्यांदा नोकरीला गुजरातला गेले," त्या साईनाथांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तवा आठ दिस पत्र नव्हतं. आठ दिस मी केर काढला नाय. सासू बोलली, वेडी हाय. तवापासनं बगा, केर दिसला की मला कापरं भरतं, म्हणून मी अशी. लोकांना वाटतं मला मिजास." त्यांनी नाक पुसलं. "पोरगी मला पसंत हाय. केस मात्र धुवून ये म्हणावं लग्नात."

साईनाथ पुढे आले, रुमाल काढला, आणि खुर्ची न पुसता, रुमालाने डोळे पुसले.

देवकीने साखर आणली. तिच्यातही चमकी होती, कुणी बघितली नाही. निघताना अनिताबाईंनी धोंडीबाईच्या पाया पडून तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यासारखं रीतीचं घर मिळाया भाग्य लागतं. आता आमी पण तुमचीच माणसं. सापगावला घरी पोचलो की फोन करते. तवर झाडू नका हां."

"छे छे," धोंडीबाई म्हणाली. "झाडतंय कोण."

बारकूला काहीच वाटलं नाही. सापगाव किती लांब? हे त्याच्या हातातलं गणित होतं, इथे नारळ फिरवायची गरज नव्हती. "रातच्याला पोचतील," तो देवकीला म्हणाला. "सकाळी रवीचा पण फोन येल. दोन्ही एकदम. उद्या सकाळी घर चकाचक. माझा शब्द."

सोमवारी सकाळी रविंद्रचा फोन आला. पोचला होता, सुखरूप, खोलीत हीटर बिघडलेला होता आणि तो पहिल्याच रात्री दुरुस्त करून आता झोपायला चालला होता. देवकी रडली, धोंडीबाईने देवापुढे साखर ठेवली. मग सगळ्यांनी बारकूकडे बघितलं.

बारकूने अनिताबाईंना फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. मग उचलला तेव्हा मागे बँड वाजत होता.

"आमी मुरबाडलाच हाय, दादा. हळद झाली. आज लग्न. वऱ्हाडाबरोबर जेवून निघायचं होतं, तर नवरीची आई सोडेना. उद्या सत्यनारायण हाय, तो करून मंगळवारी संध्याकाळी घरी. तुमी झाडलं नाय ना?"

"नाय ताई," बारकू म्हणाला.

त्याने फोन ठेवला. धोंडीबाई पाटावर बसून सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"मी बोलली होती ना," ती म्हणाली, "मंगळवार."

टोरोंटोची वाट एका दिवसात संपली. सापगावची संपायला मंगळवारची संध्याकाळ झाली. तोवर बारकू नाक्यावर गेला नाही, पण घरी तरी कुणी टाइम विचारायचं सोडतंय का. सोमवारी दुपारी भिमीने कुंपणावरून हाक मारली, "बारकूदादा, झाडू कितीला लागंल म्हणायचा?" तर बारकू चमकीत पाय ठेवत आत गेला आणि म्हणाला, "आकाला विचार."